आतल्या टोकाचं जाकीट

५ जून २०१६, रविवार

सिटिझनशिपचं पत्र आलं. ७ सप्टेंबर, सकाळी दहा, कौन्सिलचा हॉल. मेयरच्या हातून सर्टिफिकेट, मग मेयरबरोबर फोटो. कपडे नीटनेटके, हवा तर आपापला पारंपरिक पोशाख.

हा फोटो कायमचा राहणार. लायसन्सवर, ऑफिसच्या आयडीवर, सोसायटीच्या गणपतीच्या ग्रुप फोटोत, सगळीकडे मी एकाच राखाडी, लोकरीसारख्या फ्लीसच्या जॅकेटमध्ये आहे. नऊ वर्षं. न्यूझीलंडच्या या पामर्स्टन नॉर्थमध्ये लोक मला तोंडावरून नाही, फ्लीसवरून ओळखतात. मागच्या आठवड्यात तो धुवायला टाकला होता तर ऑफिसातल्या प्रमोदने ओळख दाखवली नाही.

संकल्प: आहे त्याच कपड्यांतून रुबाब. खर्च जवळजवळ शून्य. पंचेचाळीस हे त्यासाठी उत्तम वय आहे. रोज प्रगती लिहायची.

११ जून, शनिवार

रोज लिहिणं जमलं नाही. थंडी फार.

लायब्ररीतून स्टाइलचं पुस्तक आणलं. मुख्य टिप: रोजचे कपडे साधेच ठेवा, वर एकच ठळक गोष्ट घाला. हे मला आधीच माहीत होतं, फक्त शब्दांत मांडलं नव्हतं. पाया ठरला. निळा लिननचा शर्ट, घरचा. तपकिरी पँट, ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या कपड्यांच्या दुकानातून, कमरेत थोडी घट्ट. तीन महिने आहेत, कमर उतरेल. ठळक गोष्ट शोधायची आहे.

श्यामला तिच्या आईची नारायणपेठ नेसणार आहे. मोरपंखी, मरून काठांची. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तिकीट मिळून श्यामला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. आईला इथे आणायचं राहिलं, निदान तिची साडी तरी त्या हॉलमध्ये जाऊ दे, असं ती म्हणाली. मी म्हटलं, भावना ठीक आहे, पण कलर कोऑर्डिनेशनचाही विचार कर. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

२५ जून, शनिवार, दुपार

ठळक गोष्ट सापडली. मोरपंखी रेशमी जाकीट! बायकोच्या साडीला मॅचिंग. फोटोत मेयर आपोआप फिका पडेल.

कापडाचा प्रश्नही सुटला. ऑकलंडकडच्या मनुरेवाचा शिरीष, माझा कॉलेजचा मित्र, फोनवर सहज बोलून गेला की प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाला ब्लाउज पीस जोडलेला असतो, बायका तो कापूनच घेतात. श्यामला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटीवर होती. साडी उघडून पाहिली. पदरावर जर, दुसरं टोक साधं. म्हणजे पीस अजून तसाच. तीस वर्षं पडून! साडीच्या घडीत त्याच रंगाचा शिवलेला ब्लाउजही होता. तो दुसऱ्या कशाचा तरी असणार.

स्वयंपाकाच्या कात्रीने कापला. थोडा तिरका गेला. सरळ करायला पुन्हा कापला. मग दुसरी बाजू तिरकी दिसायला लागली. एकूण मीटरभर निघालं. साडी होती तशी घडी करून ठेवली. कोणाला कळणार नाही, कारण कळण्यासारखं काही केलेलंच नाही.

२६ जून, रविवार

लिनकडे कापड दिलं. आमच्या भागात कपडे अल्टर करणारी ती एकटीच. तिने कापड हातावर घेऊन बराच वेळ पाहिलं आणि दोनदा विचारलं, शुअर? मी म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. माप देताना पोट आत घेतलं. भविष्यातलं माप द्यावं, हे पुस्तकात नाही, माझं स्वतःचं आहे.

५ जुलै, मंगळवार

पुण्याला विनयाला फोन केला. बहिणीशी बोलता बोलता सहज विषय काढला. ती म्हणाली, जुन्या साड्यांना कुठला ब्लाउज पीस, तेव्हा कापड वेगळं घ्यायचे. मग तिने विचारलं, कुठली साडी? मी म्हटलं, जनरल नॉलेज.

म्हणजे मी कापली ती साडीच.

सासूबाई ठेंगण्या, श्यामला उंच. ती साडी तिला आधीच जेमतेम पुरायची. दोन वर्षांत एकदाच नेसली होती, वर्षश्राद्धाला, आणि निऱ्या कमी येतात म्हणून कुरकुरली होती. मी गॅरेजमध्ये जाऊन थोडा वेळ लॉन मोवरशेजारी बसलो. शरम वाटली. खरी वाटली.

पण घाबरण्याचं कारण नाही. दोन महिने हातात आहेत. तिला दुसरं काहीतरी नेसायला लावायचं, एवढंच.

९ जुलै, शनिवार

शिवायचं थांबवायला सांगायचं म्हणून लिनला फोन केला. उचलला नाही. दुपारी श्यामला म्हणाली, नारायणपेठेवरचा ब्लाउज सैल करून आणते. कुठे, असं मी विचारलं. लिनकडे, अजून कुठे. चांगलं दुकान आहे, दोघंही तिथेच जातो.

तासाने परत आली. दारात उभी राहून माझ्याकडे खूप वेळ बघत होती. पुस्तकात लिहिलंय की ताठ उभं राहायची सवय लागली की घरच्यांना पहिल्यांदा जाणवतं.

१६ जुलै, शनिवार

मोहीम सुरू. सप्टेंबरातला वारा या विषयावर श्यामलाला माहिती दिली. साडी, पदर, पायऱ्या, मेयर. काळी पँट कशी सोयीची पडते तेही सांगितलं. ती म्हणाली, हं.

मग ऑप शॉपमधून तिच्यासाठी फुलाफुलांचा ड्रेस आणला. तिने तो धरून पाहिला आणि आमच्या मुलीला, स्वरदाला, शाळेच्या नाटकासाठी देऊन टाकला. नाटकात स्वरदा एका वेड्या म्हाताऱ्या बाईचं काम करते आहे.

२३ जुलै, शनिवार

जाकीट आणलं. सुंदर झालंय. काठ बरोबर छातीवर. आता ते उसवूनही साडीला जोडता येणार नाही, लिनने गळा आणि बगला कापल्यात.

गॅरेजमध्ये घालून पाहिलं. दोन गुंड्या लागल्या. तिसरी लागली, पण निघेना. चौथी हट्टाने लावली. तेवढ्यात श्यामलाची गाडी आली. वरून फ्लीस, त्यावर रेनकोट चढवला आणि घरात गेलो. स्वरदाने विचारलं, "डॅड, आर वी गोइंग ट्रॅम्पिंग?" मी म्हटलं, डोंगरात कुठे भटकणार, अंगात कणकण आहे. श्यामलाने हीटर माझ्याकडे वळवला. आमटी कढत होती. तिने तीन वेळा वाढली, भात चार वेळा, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. काळजी करते बिचारी.

गुंड्या नंतर बाथरूममध्ये निघाल्या. जाकीट टेंटच्या पिशवीत लपवलं. तिथे कोणी बघत नाही, शेवटचं कँपिंग २०१२ साली.

१४ ऑगस्ट, रविवार

निळा शर्ट सापडत नाही. सगळी योजना त्या शर्टावर उभी आहे. श्यामलाला विचारलं, तर म्हणाली, असेल इथेच कुठेतरी, घराबाहेर थोडाच जातोय. हल्ली ती काम करताना गुणगुणते. साडीचा विषय स्वतःहून काढत नाही. माझं वाऱ्याचं भाषण तिला पटलेलं दिसतंय.

कमर उतरलेली नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

श्यामला साडीला इस्त्री करायची म्हणते आहे. पटलेलं नव्हतं.

विनयाने दुकानादुकानांतून फोटो पाठवलेत. मोरपंखी आहे तर काठ वेगळे, काठ मरून आहेत तर रंग पोपटी. तसली साडी आता मिळत नाही. आणि मिळाली असती तरी ती सासूबाईंची नसती, हे आज माझ्या लक्षात आलं. यायला नको होतं.

सांगून टाकायचं. उद्याच. पुरुषासारखं.

२९ ऑगस्ट

तिची डबल ड्यूटी. थकलेल्या माणसाला असलं सांगू नये.

६ सप्टेंबर, मंगळवार

शर्ट नाही. कबुलीजबाब नाही. इस्त्री मात्र मीच करतो म्हणून साडी हातात घेतली, तर श्यामलाने ती काढून घेतली आणि म्हणाली, तू राहू दे, तुझं खूप झालं.

उद्या सकाळी आठला सांगायचं. समारंभ दहाला. दोन तास पुरेसे आहेत. पर्यायी योजना: आजारी पडणं.

७ सप्टेंबर, बुधवार, दुपारी तीन

आठ वाजता बेडरूमच्या दारावर टकटक केली. तीन वाक्यं पाठ केली होती. दार उघडलं तर श्यामला साडी नेसून उभी. पूर्ण. निऱ्या सात. मी मोजल्या.

माझी तीनही वाक्यं गेली. मी म्हटलं, पुरली कशी?

तिने कमरेशी खोचलेली बाजू थोडी बाहेर काढून दाखवली. मोरपंखी रेशीम संपतं तिथून पुढे निळं लिनन जोडलेलं होतं. एका कडेला माझ्या शर्टाची काजं अजून शाबूत होती.

"शर्टाला जास्तीचं कापड असतं असं वाटलं मला," ती म्हणाली.

ब्लाउज द्यायला गेली तेव्हा लिनच्या दुकानात दांडीवर तिच्या आईची साडी जाकीट होऊन लटकत होती, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. दोन महिने तिला माहीत होतं. लिनच्या बाकावर बसून रडले, असंही तिने सांगितलं. चुकलो म्हणालो. एवढंच म्हणायला पंचवीस जूनपासून वेळ लागला.

मग ती म्हणाली, टेंटच्या पिशवीतलं जाकीट घेऊन ये. मी म्हटलं, नको, आज फ्लीसच घालतो.

"आईची साडी तिथे पूर्ण जायला हवी. तू ते घालायचं आणि माझ्या शेजारून हलायचं नाही. आजच नाही. ही साडी मी जेव्हा जेव्हा नेसेन तेव्हा."

शर्टाशिवाय जाकीट कशावर घालणार? इस्त्री केलेलं धड काहीच नव्हतं. शेवटी थंडीतलं पट्ट्यापट्ट्यांचं थर्मल, त्यावर रेशमी जाकीट, खाली तपकिरी पँट. स्वरदाने पाहिलं आणि नुसतंच "ओ डॅड" म्हणाली. गाडीत मागे बसून ती सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

हॉलमध्ये सगळे कोटात नाहीतर आपापल्या पोशाखात. माओरीतला नमस्कार किया ओरा, गाणं, भाषणं. श्यामलाला पाच जणींनी साडीबद्दल विचारलं. मला एका बाईंनी चहाचा रिकामा कप दिला आणि चहाबरोबरचे स्कोन्स संपलेत, अजून आणशील का, असं विचारलं. मी आणले.

शपथेला शेजारी शेजारी उभे राहिलो. जाकिटामुळे श्वास अर्धाच घेता येत होता, त्यामुळे शपथही अर्धीच ऐकू आली असणार. मेयरने श्यामलाचं नाव पुकारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. पदर पिनांनी घट्ट होता, डोळ्यांपर्यंत येईना. तिने माझ्या छातीवरचा मरून काठ बोटांत धरला आणि फोटोग्राफर थांबा, थांबा म्हणत असतानाही सोडला नाही.

मी हललो नाही. तसंही त्या जाकिटात हलता येत नव्हतं.