शून्य संसर्गाची फिरती ढाल

दि. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी सहा वाजता, वॉर्ड जागे व्हायच्या आत, मी देवाचं नाव घेतलं आणि आमच्या इस्पितळाच्या फिरत्या ढालीवरून ओला कापूस फिरवला. फोनवर हे सांगता येत नाही, दाजी स्पीकर लावून ऐकतात. म्हणून पत्र.

ढाल म्हणजे ‘शून्य संसर्ग’ ढाल. लाकडी, वर मखमल, मधोमध पितळी शून्य. ज्या वॉर्डात महिनाभर एकाही रोग्याला इथे आल्यावर जंतुसंसर्ग झाला नाही, त्या वॉर्डाला ती मिळते. मग मोठे साहेब येतात आणि खाटेखाटेवर रोग्याच्या हातात ढाल देऊन फोटो काढतात. पोटाला टाके असतील तर पोटावरच टेकवतात, म्हणजे हलत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. जखमेतल्या पुवातला जंतू बशीत वाढवायचा, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या औषधाने जंतू मरतो, त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. तीन महिने एक जंतू असा येतोय, की आठांपैकी सात टिकल्यांना तो जुमानत नाही. आधी हाडांच्या वॉर्डात, मग बायकांच्या, मग पोटाच्या. ढालही याच क्रमाने फिरली. आज परवाच्या त्या कापसाची बशी उघडली. मखमलीत तोच.

मग अशा वॉर्डांना ढाल मिळते कशी, असं तू विचारशील. फॉर्मवर एक रकाना असतो : संसर्ग घरचा की इथला? दाखल झाल्यावर दोन दिवसांनी सुरू झाला, तर इथला. पण साहेबांचा तोंडी हुकूम आहे, घरचाच लिहायचं. वर्षभर आमच्याकडे सगळे जंतू घरूनच आले. इथले बहुधा रजेवर आहेत.

दाजींचा गुडघा कुठेही बदला, इथे नको.

लोभ आहेच, त्याची आठवण करून देत नाही.
तुझा मौनी

दि. ८ ऑगस्ट

चि. मौनीबाबास,
अ. उ. आ.

जन्मभराचं न बोललेलं एकदम लिहिलंस की! पण तुझं पत्र ह्यांनी माझ्याआधी वाचलं आणि खूप हसले. मेव्हणा देवभोळा, त्याला दगडात देव दिसतो तसा ढालीत जंतू दिसला असेल, असं म्हणाले. बावीस तारीख पक्की आहे. ढालीबरोबर फोटो निघतो हे कळल्यापासून तर इस्त्रीचा सदरा वेगळा काढून ठेवलाय.

तोंडच्या गोष्टी नकोत, कागद दाखवा, असं ह्यांचं म्हणणं. आणि कागद ह्यांच्याकडेच आहे. तुमच्या इस्पितळाची ती गुळगुळीत पुस्तिका. तिच्यात लिहिलंय, वर्षभरात इथे झालेले संसर्ग शून्य. खाली तपासनिसाची सही. मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. सही तुझी आहे रे.

तुझं खरं कोणतं, पत्रातलं की पुस्तिकेतलं? ह्यांचा पाय त्या सहीच्या भरवशावर निघालाय.

माया कमी झालेली नाही, पण रागावले आहे.
ताई

दि. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सही माझीच. अकरा फॉर्मांवर मी ‘घरचा’ लिहिलं, त्यांचं मिळून ते शून्य झालं. पन्नाशीला आलेला माणूस, नोकरीला घाबरलो. देवापुढे रोज बसतो, पण हे त्याच्यापुढे कधी काढलं नाही.

बशी घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ती लांबूनच पाहिली आणि निकाल दिला, की ढाल बाहेरच्या दुकानात बनली, तेव्हा तिच्यातला जंतूही बाहेरचाच. मग मला कानात सांगितलं, की पुढच्या आठवड्यात बक्षीस समिती येतेय, तोवर ढालीला अत्तर लावा.

सात नंबरच्या खाटेवर एक शिंपी आहे. पाय मोडून आला, सहाव्या दिवशी जखम चिघळली. मी ‘घरचा’ लिहिलं, म्हणून डॉक्टरांनी साधं औषध सुरू केलं. इथे असला जंतू आहे हे कागदावर नाहीच, तर त्यांनी तरी काय करावं! बशीत जंतू वाढून दिसेपर्यंत ताप डोक्यात गेला. काल शुद्धीवर आला, तर मलाच विचारतो, की माझ्या घरी एवढी घाण होती का हो? बायको रडत घर धुतेय.


राग असू दे, पण पत्र पाठव.
मौनी

दि. १७ ऑगस्ट

चि. मौनीस,
अ. उ. आ.

त्या शिंप्याच्या बायकोचं वाचून माझा हात थांबला. ह्यांना वाचून दाखवलं. हसले नाहीत. तरी कागद, कागद हेच चाललंय. पिशवी दारात आहे. रागवायला वेळ नाही आता, लवकर लिही.
ताई

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माणसाहाती पाठवतोय, उद्या मिळेल.

आपल्या शाळेत गुरुजी खोडू देत नसत. चुकलेल्यावर एक रेघ, शेजारी बरोबर उत्तर, म्हणजे चूकही वाचता यायला हवी. काल सकाळी मी अकराही फॉर्म काढले. ‘घरचा’वर रेघ मारली, शेजारी ‘इथला’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. जंतू ढालीवर सापडल्याचा अहवाल जोडला. एकेक प्रत वॉर्डांच्या डॉक्टरांना दिली, एक आरोग्य खात्याला, एक बक्षीस समितीला. समिती ढाल हातात घेऊन फोटोसाठी उभी होती. तिने ती टेबलावर इतक्या घाईने ठेवली, की साहेबांचा चहा सांडला. मग सगळे हात धुवायला गेले. वर्षभरात प्रथमच नळापाशी रांग लागली.

मला साहेबांनी रजेवर धाडलंय, किती दिवस ते सांगितलं नाही. दुपारी निघताना शिंप्याच्या खाटेशी गेलो, त्याची बायको तिथेच होती. तुमच्या घरात काही नव्हतं, ते इथलंच होतं आणि खोटं मी लिहिलं होतं, असं दोघांना सांगितलं. तो म्हणाला, हे तिला लिहूनच द्या.

म्हणून बारावा कागद केला. तो तिच्या हातात दिला. दाजींसाठी बाकीच्या अकरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

तुझा मौनी