दाभोळची भरती

जुबैल, १४ फेब्रुवारी १९९१, मगरीबच्या नमाजानंतर

आज माझ्यामुळे खाडी गेली. लढाईत सांडलेलं तेल किनाऱ्याने सरकत येतंय. ते अडवायचा तरंगता पट्टा खाडीच्या तोंडावर कधी लावू, असं फोरमन बशीरने काल विचारलं. मी म्हटलं, उद्या अमावस्या, भरती बाराला. दाभोळला जन्मभर हेच पाहिलं. पण हे पाणी दाभोळचं नाही, एवढं कसं सुचलं नाही मला?

दहाला पोचलो तर इथली भरती आधीच चढून तेल तिवरांच्या मुळांत शिरलेलं. मध्ये एक बगळा, पोटापर्यंत काळा. आमच्या कामावरचा गोरा साहेब लढाईला भिऊन इंग्लंडला पळताना पक्षी मोजायची वही माझ्याकडे देऊन गेला. तीत ‘बगळा १’ लिहिलं. पांढरा लिहू की काळा?

मघाशी पुन्हा पाहिलं. सायरन वाजला तरी बगळा जागचा हलला नाही.

मग बशीरला माझी चूक सांगायला गेलो. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "हवा ने धोखा दिया, भाई. आप तो समंदरवाले हो. कल दूसरी खाडी बंद करनी है, टाइम बोलो."

वारा तर सकाळपासून पडलेलाच होता. तरी भरती रोज पाऊण तास पुढे सरकते या दाभोळच्याच हिशेबाने मी म्हणालो, "पौने एक."