ताटात उरलेलं

२ डिसेंबर, अमरावती
पोचलो एकदाचा! अमरावतीत कसलं आलंय फाइन डाइनिंग, म्हणून पुण्यात मित्रांनी यथेच्छ टिंगल केली होती. त्यांनी येऊन बघावं. इस्त्रीचे पांढरे टेबलक्लॉथ, पितळी दिवे, अकोला-दर्यापूरहून खास गाड्या करून येणारी गिऱ्हाइकं, आणि तीन पिढ्यांचा तो काळा, दाट रस्सा. मी इथला नवा हेड शेफ. मालक महादेवरावांनी कौतुकानं सांगितलं, आमची हंडी कधी रिकामी होत नाही, कालचं उरलं की तेच आजचं विरजण. पद्धत मला भलतीच आवडली. रोज पहिली चव मी घ्यायची, एवढीच अट. बायकोला, पौर्णिमाला, फोनवर वर्णन केलं तर तिथल्या तिथे बाईसाहेबांना डोहाळे लागले. सातवा महिना आहे. डोहाळजेवण इथेच करायचं ठरलं, एकवीस तारखेला.

५ डिसेंबर
चव घेताना दाताखाली नखाचा तुकडा आला. शी! हंडी ओतून द्या म्हटलं, तर भांडी घासणाऱ्या गंगूबाई हसल्या. म्हणाल्या, "नत्थुजीनं मरेपर्यंत ओतू देल्ली नाई." नत्थुजी म्हणजे माझ्या आधीचे आचारी. पुढचे दात पडलेले, गालात कायम तंबाखू. गेल्या पोळ्याला वारले.

९ डिसेंबर
विरजण कशाचं ते आज डोळ्यांनी पाहिलं. गिऱ्हाइकांची ताटं गंगूबाई हंडीत निपटत होत्या. चोखलेल्या नळ्या, चावून काढून ठेवलेल्या शिरा, कुणाच्या मिशीचा केस, एका वाटीत तर विड्याची लाल थुंकी. मोरीपाशी जाऊन भडाभडा ओकलो. 'उरलं' म्हणजे हंडीत उरलेलं, असं मी समजत होतो! महादेवरावांवर तोंड टाकलं. ते म्हणाले, "उरलं म्हंजे ताटातलं उरलं जी. ज्याचं उष्टं खाल्लं, तो माणूस आपल्यात राह्यते. आमचे गेलेले सारे अजून जेवून राह्यले." उद्याच पुण्याला निघतो.

१० डिसेंबर
निघालो नाही. सकाळी हंडीपाशी कधी गेलो, कळलंच नाही. किळस येते आणि तोंडाला पाणीही सुटतं. स्वतःचीच लाज वाटते. तोंडात तंबाखूची चव आहे. मी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

१३ डिसेंबर
आरशात पुढचे दात आहेत. जिभेला मात्र लागत नाहीत. तिथे नुसतं मऊ, ओलं बोळकं. गंगूबाईंनी नत्थुजी म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

१६ डिसेंबर
पौर्णिमाला फोन केला, येऊ नकोस म्हणायला. तोंडातून निघालं, "ये वो, जेवाले ये." ती खळखळून हसली, पियुष, किती छान वऱ्हाडी बोलायला लागलास! फोन ठेवून जीभ चावली. रक्तालाही रश्शाचीच चव. बोटं अजून माझी आहेत, मेसेज लिहितो —

१७ डिसेंबर
लिहिलं होतं, येऊ नकोस. गेला तो मेसेज — लवकर ये, भूक लागली.

२१ डिसेंबर
आली. हिरवी साडी, फुलांचे दागिने. वाटी मीच भरली. पहिली चव घेतली, उष्टी करून देल्ली तिले. पौर्णिमा, थुंक — थुंकून टाक —

खाल्लं तिनं. वाटी चाटून पुसून.

लय बरं वाटते मले. लेकराचं उष्टावण बी झालं. पोटात हालून राह्यलं म्हणते. हालून नाई राह्यलं वो. चावून रा