राखणदाराच्या मानाची काळी बियर

मी, कृष्णनाथ विठ्ठल परब, वय सत्तर, राहणार हरमल, तालुका पेडणे, पूर्वी डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचा मिस्त्री, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्यात त्यांची अट नाही.

१. कायद्याने अर्धी मिळकत मुलांचीच. माझ्या मर्जीच्या अर्ध्यातून राहते घर मुलगा नितीन याला. माझे पाने आणि जॅकही त्यालाच. ते कोणालाही उसने देऊ नयेत.

२. माडांखालची शेड व विहीर मुलगी वर्षा हिला. तिथे ती बियर बनवते. मला ते पटले नव्हते आणि तसे मी गावभर सांगितलेही आहे.

३. धाकटा भाऊ बाबली. गोवा राज्य होण्याआधीच्या भाषेच्या आंदोलनात तो कोकणीच्या मोर्चात, मी मराठीच्या. घरात दोघांची बोली एकच, भांडलोही तिच्यातच. त्याने माझा फलक चुलीत घातला, मी आमच्या दोन घरांमधल्या अंगणात भिंत घातली. बोलणे बंद. माझी पत्नी यशोदा वारली तेव्हाही तो उंबऱ्याबाहेरूनच परत गेला. हे मी विसरलेलो नाही.

४. गेल्या महिन्यात वर्षाची पहिली काळी लागर बियर तयार झाली, चेक देशातल्या पद्धतीची. पहिला मान राखणदाराचा, म्हणजे जमीन सांभाळणाऱ्या दैवताचा. त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि माडाची फेणी लागते. ही बया कोपभर, म्हणजे पेलाभर, बियर घेऊन निघाली! मी ओरडलो, "राखणदाराक बियर? लज ना तुका?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "आदी माका चाखूंक दी गो. राखणदाराक मागीर."

वर्षाने भिंतीवरून कोप दिला. त्याने अर्धा रिकामा केला. "दादाक दी. आवयच्या रोटाची कड लागता."

मी रागारागातच घोट घेतला. उन्हात धरली तर काठाला लालसर, वर दाट फेस. काळी म्हणून जड असेल असे वाटले, पण अलगद उतरली. आधी गुळाची गोडी, मग करपलेली कड, शेवटी थोडी कडवट. आई राखणदाराचा रोट निखाऱ्यावर भाजताना एक घरासाठीही भाजायची. त्याच्या करपलेल्या कडेसाठी आम्ही भाऊ झोंबायचो. मला रडू आले. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, पण आले.

राखणदाराला फेणीच दिली. शेजारी काळीही ठेवली.

५. सबब, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पैशांतून ती भिंत पाडावी.

हे वाचून दाखवले तेव्हा वर्षा म्हणाली, "बाबा, तुमी गेल्यार भिंत पडतली. मागीर काका कोणाबरोबर बसून पितलो?"

कलम पाच रद्द. भिंत उद्या पाडायची आहे. पहिला घाव माझा, कारण थोरला मी आहे. बाबलीची याला हरकत असल्यास ती त्याने उद्या समोर येऊन सांगावी.

वरील सर्व वाचून, समजून सही केली.

कृष्णनाथ विठ्ठल परब
साक्षीदार: महादेव नाईक, लक्ष्मी शेटगावकर
हरमल, १४ डिसेंबर २०१९