नवमीच्या आत हैदराबाद

जालना,
श्रावण, सन १३४७ फसली

प्रिय तुळजा,

मी झुंबर. तुझ्या नवऱ्याची पहिली बायको. जी मेली म्हणून तुला सांगितलं, ती. घाबरू नकोस, पत्र हातातून टाकू नकोस. खैरुनबीनं ते तुला बांगड्या भरता भरता दिलं असेल. ती आमच्या महेमूदभाईची मावशी आहे आणि तिचा यात काही दोष नाही. तुला बऱ्यापैकी वाचता येतं असं तीच सांगते, तरी मी अक्षर मोठं काढते आहे. एकटी असशील तेव्हा वाच. वाचून झाल्यावर नवऱ्याला दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. तो घर सोडून पळाला तर तेही लोकांना दिसेलच.

मी त्याचं नाव कधी घेत नव्हते. आता घेते. बद्रीनाथ. पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं तेव्हा आई दचकून माझ्याकडे बघत राहिली. आता तिलाही सवय झाली आहे.

मी टेंभुर्णीत त्याच्या घरी आले तेव्हा परकर सुटून लुगडं नुकतंच आलं होतं. तो हैदराबादेत शिकत होता, सुट्टीत यायचा, मला उर्दूचे चार शब्द शिकवायचा आणि माझे उच्चार चुकले की हसायचा. मला ते हसणं आवडायचं, खोटं कशाला सांगू. मंग मला दिवस गेले. मूल मेलेलंच जन्मलं आणि मला ताप चढला तो उतरेचना. सासूनं गवताच्या पेंढ्यांवर निजवून बैलगाडीनं मला इथं जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात पाठवलं. तो एकदा आला. खाटेपाशी नाही आला, दारातच उभा राहिला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बरी झालीस की न्यायला येतो." मी बरी झाले. उंबऱ्याकडे डोळे लावून बसले. सासू वारली तेही मला बाजारात टेंभुर्णीच्या एका बाईनं सांगितलं, महिना उलटून गेल्यावर. हैदराबादच्या त्याच्या पत्त्यावर मी पत्रं पाठवली, उत्तर नाही. आई मला घरी न्यायला आली तर मीच गेले नाही, कारण न्यायला आलेल्या माणसाला मी सापडले नसते तर?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसू दिलं नाही. आधी पट्ट्या धुवायला लावल्या, मंग बांधायला, मंग बाळंतपणं करायला. त्यांच्याकडे एक फटफटी होती, मोठ्या लढाईनंतर इथल्या छावणीत लिलाव झाला तेव्हा घेतलेली. बाजूला एक माणूस बसेल अशी डोली जोडलेली. अडलेल्या बाईसाठी खेड्यात जायचं असलं की बाई ती चालवायच्या आणि मी औषधांची पेटी मांडीवर घेऊन डोलीत बसायचे. एका उन्हाळ्यात त्यांचा हात मोडला. बाई अडलेली, निरोप्या दारात उभा. त्या म्हणाल्या, "झुंबर, तू चालव. मी बाजूला बसून सांगते." त्या दिवशी मी दोनदा नाल्यात गेले, पण आम्ही पोचलो आणि बाळ-बाळंतीण दोघं वाचली. पुढं दवाखान्यात मोटार आली, बाई विलायतेला परत गेल्या आणि जाताना फटफटी मला देऊन गेल्या. आता जालन्यात मला कुणी नावानं ओळखत नाही, फटफटीवाली नर्सबाई म्हणतात.

मला वाटायचं, बद्रीनाथला कळेल की मी आता कोण झाले आहे, आणि तो येईल. हे लिहितानाही माझे कान तापतात.

गेल्या भाद्रपदात महेमूदभाई हैदराबादला चालले होते. ते इथं मोटार सर्व्हिसवर ड्रायव्हर आहेत, फटफटीचं बिघडलं तर तेच बघतात. तिच्यासाठी टायर आणायचं होतं. मी म्हटलं, टायर आणालच, तर बद्रीनाथच्या घरी जाऊन तेवढं विचारा, नेणार आहात की नाही, एक काय ते सांगा. ते परत आले, टायर भिंतीला टेकवून ठेवलं आणि व्हरांड्यात खाली मान घालून बसले. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मी गेल्तो. घरात जेवणावळ चालू होती. दारातल्या माणसाला विचारलं, क्या है आज? तो म्हणला, मालकाची पहिली बायको वारली, तिच्या नावानं सवाष्ण जेवून राह्यली." मंग म्हणाले, "भिंतीवर तुमचा फोटो हाय. हार घातलेला हाय. मी काय बोलणार? मी निघून आलो."

तुळजा, मला आधी हसू आलं. खरंच हसले मी. मंग वॉर्डात गेले, एका बाईचे टाके काढले, हात धुतले. हात धुता धुता असा राग आला की साबण भिंतीवर फेकून मारला.

पुढची सगळी हकीकत खैरुनबीनं काढली. तुझे वडील नावाजलेले वकील. त्यांनी सवतीवर मुलगी द्यायला साफ नकार दिला होता. आपल्याकडे दुसरी बायको करायला कुणी अडवत नाही. मला नुसती टाकली असती तरी कुणी त्याला जाब विचारला नसता. पण त्याला तुझ्या वडिलांच्या कचेरीत बसायचं होतं, म्हणून त्यानं मला पटकीनं मारली. तुझ्या वडिलांपुढं रडला म्हणे. ते रडणं मी रोज डोळ्यांपुढं आणते. त्यानं रुमाल कुठला काढला असेल, नाकाला लावला होता तोच का, असं मनात येतं. मी आता दुसरं काही मागत नाही, तुझ्या वडिलांच्या देखत त्याचं तोंड एकदा बघायचं आहे.

रेल्वेनं आले असते. जालन्यात बसायचं, हैदराबादेत उतरायचं. पण गाठोडं घेऊन दारात आलेल्या बाईला वेडी ठरवायला किती वेळ लागतो? टांग्यात बसवून परत पाठवली की संपलं. फटफटीवर आलेल्या बाईला बघायला अख्खी गल्ली बाहेर येते. मला ती गल्ली साक्षीला हवी आहे. आणि नुसती तुमचीच नाही, वाटेवरची त्याची सगळी माणसं हवी आहेत. म्हणून सडक मी त्याच्या नातलगांवरून आखली आहे. अंबडला मामा, बीडला बहीण, धाराशिवला चुलतभाऊ. यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे की मी जिवंत आहे आणि प्रत्येकानं तोंड शिवून घेतलं. प्रत्येकाच्या दारात फटफटी उभी करून पाणी मागणार आहे. शहागडला गोदावरी ओलांडायची, पाणी चढलेलं असलं तर नावाडी सांगतील तेवढा मुक्काम. पुढं नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद. पेट्रोलचे डबे महेमूदभाईंनी ओळखीच्या ड्रायव्हरांकडून वाटेत ठेवून घेतले आहेत. नवी चेन टाकून दिली आहे. काळ्या मातीत चाक रुतलं तर खाली घालायला पोती घेतली आहेत.

डोलीत माझी आई बसणार आहे, सगुणाबाई. मी नको म्हटलं, एवढी सडक तिच्या कमरेला झेपणार नाही. तर म्हणाली, "मुलगी मी दिल्ती. मंग जावयाला मी न्हाई विचारायचं तर कुणी?" सध्या रोज संध्याकाळी कानाला फडकं बांधून, पानाचा डबा मांडीत धरून ती माझ्याबरोबर गावाबाहेर चक्कर मारते. पहिल्या दिवशी देवाचं नाव घेत होती. आता वळणावर मलाच सांगते, जरा जल्दी घे.

मागच्या आठवड्यात आम्ही मशीन लांबवर पळवून बघायला टेंभुर्णीलाच गेलो. बद्रीनाथचे काका रामराव ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. गाव गोळा झालं. मी फटफटी बंद केली आणि विचारलं, "काका, मी कधी वारले?" ते म्हणाले, "पोरी, इथं तुला कुणी मेली म्हणलं न्हाई. तिकडं लांब म्हणलं. त्यात तुझं काय गेलं?" तुळजा, एवढ्या माणसांत तो म्हातारा हे बिलकुल सरळ आवाजात बोलला. तेवढ्यात काकू आतून आल्या. आयुष्यात त्या कधी नवऱ्यापुढं बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. सगळ्यांदेखत मला हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि वळून घरात गेल्या. काका ओट्यावरून उठले आणि मागच्या दारानं गेले. त्यांची पाठ दिसली तेव्हा मला जे सुख झालं ते मी लपवत नाही. येताना सडकेवर मी ओरडत होते, इंजिनाच्या आवाजात आईलाही ऐकू आलं नसेल. बद्रीनाथचीही अशी पाठ मला बघायची आहे. पण त्याच्या घराला मागचं दार नाही, खैरुनबीकडून मी विचारून घेतलं आहे.

पितृपक्षातली नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी तुमच्याकडे माझ्या नावानं सवाष्ण जेवते, तुझे वडील हजर असतात, शेजारपाजार असतो. त्याच दिवशी मी येणार. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. सवाष्णीच्या पाटावर मीच बसणार आणि त्याच्याच हातानं वाढून घेणार. नंतर नवरा तुझा तुला. मला तो न्यायचा नाही, त्याच्या घरात राहायचंही नाही. जेवून उठेन, हात धुईन आणि परतीला लागेन.

एवढं सगळं पक्कं झालं होतं आणि तुला एक अक्षरही कळवायचं नव्हतं. तूही त्या घरातलीच, तुझंही तोंड बघायचं असं ठरवून होते. पण काल महेमूदभाईंना मावशीचा निरोप आला. त्यात तिनं सहज कळवलं की तुझं पहिलं मूल राहिलं नाही. कुणी तुला सांगितलं, पहिल्या बायकोचा आत्मा अडलेला आहे. म्हणून पुढं मुलगी झाली तेव्हा तू हट्टानं तिचं नाव झुंबर ठेवलंस, आणि नवमीला तू स्वतः उपाशी राहतेस. रात्रभर मी त्या मुलीला नजरेसमोरून हलवू शकले नाही. तुझं मूल मी नेलं नाही गं, माझंच गेलं तेव्हा मी तापात पडले होते. तो तुझ्याशी किती मोठं खोटं बोलला ते मला काल कळलं. मी येणं थांबवणार नाही, ते मागू नकोस. पण अष्टमीलाच तू मुलीला घेऊन वडिलांकडे जा, त्यांना हे सगळं सांग आणि नवमीला त्यांच्याबरोबर, त्यांच्या शेजारी उभी राहा. मी आत येईन तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दाराआड नसावीस. आणि लेकीचं नाव बदलू नकोस. ते मेलेल्या बाईचं आहे, एवढं मात्र तिला सांगू नकोस.

तुझीच सवत,
झुंबर