दिल्ली ते पुणे, दोन तास

अब्बा,

गुरुवारी अम्मी गेली. फजरची अजान झाली, पण ती उठलीच नाही. दिल्लीला धाकटीला फोन केला आणि लगेच मोबाईलवर पाहिलं: दिल्ली विमानतळ ते पुणे विमानतळ, जवळपास बाराशे किलोमीटर, दोन तास. जमलेल्या लोकांना सांगून टाकलं, दुपारच्या विमानाने निघेल, संध्याकाळी असरच्या नमाजेआधी सुप्यात पोचेल. चाचा खाटेवर बसले होते. म्हणाले, "दोन तासांत इमान पुण्यात येईल. पुढं वाघोलीच्या गर्दीवरनं बी उडत येनार हाय का तुजी बहीन?" कुणी हसलं नाही. आपल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा उंबऱ्याबाहेर पडला की तिला अम्मीचा चेहरा पुन्हा दिसणार नव्हता.

दादी गेली तेव्हा फुपी सोलापूरहून एस.टी.ने येत होती. तुम्ही थांबला नाहीत. "मय्यतीला ताटकळत ठेवू नये," एवढंच म्हणालात. मी तुमच्या मागोमाग कब्रस्तानातून परततोय, हाताला माती आहे, आणि फुपी दारात उभी आहे, पिशवी खांद्यावर तशीच. "भाईजान, एक तास तरी..." म्हणते. तुम्ही हात धुवायला निघून जाता. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यावर वेळ आली तर मी थांबेन.

म्हणून थांबलो. विमान उशिरा सुटलं. असरची नमाज होऊन गेली. चाचा दोनदा उठून आले. "पोरा, उन्हाळा हाय. लई हट्ट करू नको. तुजा बाप असता तर?" मी बर्फाच्या लाद्या बदलत राहिलो. पुण्याहून निघालेली तिची गाडी शिक्रापूरला अडकली, मग सुटली, मग शिरूर आलं. प्रत्येक फोनला सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दिवस मावळताना, मगरिबच्या तोंडावर गाडी दारात लागली. धाकटी धावत आत गेली, चेहऱ्यावरची चादर सारली, आणि एक पाऊल मागे सरली. मी दिवसभर उशाशी होतो, त्यामुळे अम्मीचा चेहरा किती बदललाय ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काल तिला विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत म्हणाली, "भाईजान, थांबलात ते बरंच केलंत. पण डोळे मिटले की तोच चेहरा येतो. आधीचा आठवायला जोर लावावा लागतो." फुपी अजूनही दादीचं सांगते तेव्हा दादी पान लावत हसत असते.

तुम्ही हे जाणून थांबला नव्हतात, की नुसती रीत पाळलीत, ते मी कधी विचारलं नाही. मी केलं ते बरोबर की चूक, तेही ठरत नाही. खरं सांगायचं तर, मी थांबलो आणि तुम्ही थांबला नव्हतात, एवढंच ऐकवायला मी आज लिहायला बसलो होतो.