फरशीवरची मोटार

परभणी,
कार्तिक वद्य पंचमी, १९५८

चिरंजीव दिनकर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत. वालूरला आईची कंबर कशी आहे, ज्वारी पोटरीत आली का, ते सविस्तर कळव. नुसतं "सर्व ठीक" लिहून कार्ड वाया घालवू नकोस.

भाऊबीजेला तू मोटार घेऊन आलास आणि गल्लीत माझा भाव वधारला बरं! शेजारच्या कमलबाई अजून विचारतात, "मोटारवाला तो तुमचाच भाऊ ना?" मी "होय" म्हणते आणि उगाच पदर सावरते. तुला तर गाडीवर धूळ बसलेलीही सोसत नव्हती. एखादी बैलगाडी घासून जाईल म्हणून तू ती रस्त्यावरून थेट कडेच्या फरशीवर चढवलीस, अगदी आमच्या दाराशी. मी तिला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. लहानपणी चिखलाची गाडी करून मलाच ओढायला लावायचास, त्या तुला मोटारीतून उतरताना पाहिलं आणि डोळे भरून आले रे.

आबा बरे आहेत. जेवतात, झोपतात, तू दिलेली शाल पांघरतात. फक्त बाहेर जात नाहीत.

माझ्या सासऱ्यांची, आबांची, दृष्टी गेल्यापासून ते ओसरीवरच बसून असायचे, हे तुला ठाऊक आहे. टांगे, बैलगाड्या, सायकली, त्यात आंधळ्या माणसानं रस्त्यावर उतरावं कसं? मग गेल्या वर्षी नगरपालिकेनं रस्त्याच्या कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी ही फरशी टाकली आणि आबांना पाय फुटले. काठीचं टोक फरशीच्या कडेला लावायचं आणि निघायचं, ते चौकातल्या भुजंगच्या हॉटेलापर्यंत. तिथं कुणीतरी पेपर वाचून दाखवतं. आबा त्यावर वाद घालतात, चहा पितात आणि आल्या वाटेनं परततात. एकदा मी हात धरायला गेले तर माझ्यावरच डाफरले. "म्या काय लेकरू हाय का? सोड. मला माझ्या पायानं जाऊ दे." परतले की इतके खुशीत असायचे, की भाजीत मीठ जास्त पडलं तरी चकार शब्द काढायचे नाहीत.

भाऊबीजेच्या सकाळीही ते गेलेले होते. तुला ओवाळलं, ताट वाढलं, तेवढ्यात ते मागच्या बोळातून आत आले. धोतर भिजलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "कुणीतरी गटारीचं पाणी उडिवलं. तू वाढ त्याला." धोतर बदललं, तुझी नवी शाल अंगाभोवती घेतली आणि तुझ्या शेजारी येऊन बसले.

"मोटार कोणत्या रंगाची हाय रे दिनकर?"

"काळी हाय, आबा. लय चमकायलीय."

"मग आमाला कवा बसवतूस?"

तू म्हणालास, "बसवतो की. पण आबा, डाव्या हातात अनारसा लपवायलाव का शालीत?" सगळे हसले. आबाही हसले.

तुझी मोटार वळणाआड गेली आणि मग त्यांनी शाल बाजूला केली. मनगट टम्म सुजलेलं, हात जागचा हलेना. "आता बघ गं काय झालंय. त्यो जेवत व्हता म्हणून बोललो न्हाई."

परतताना त्यांची काठी तुझ्या मोटारीवर आपटली होती. रोजच्या वाटेत हे काय आलं ते त्यांना कळेना. चाचपत रस्त्यावर उतरले, समोरून बैलगाडी आली, आणि घाईनं मागं सरताना पाय गटारीत जाऊन डाव्या हातावर पडले. मग भिंत चाचपत मागच्या बोळानं आले. बहिणीनं वाढलेल्या ताटावरून भावाला उठवायचं नाही, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं. मोडका हात शालीत धरून तुझ्या थट्टेला हसत जेवले. मला खूप रडू आलं दिनकर. आणि खरं सांगते, तुझा रागही आला.

दवाखान्यात हात बांधून घेतला. हाड जुळतंय. पण तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागेवर शेजारच्या अडत्याची लॉरी येऊन उभी राहिली. पुढं कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची जीप. तुझे दाजी सांगायला गेले, तर अडत्या म्हणाला, "तुमच्या मेव्हण्याची चालती, आन् आमचीच डोळ्यात खुपायली का?" बिचारे तसेच घरी आले.

आज सकाळी आबांनी कोपऱ्यातली काठी आपणहून हातात घेतली. मला वाटलं, निघाले! उंबऱ्याशी येऊन विचारलं, "फरशी मोकळी हाय का गं?"

दारात लॉरी होती. मी म्हणाले, "आबा, जरा थांबा." ते समजले. काठी जागेवर ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आज पेपरात तरी काय असनार."

तुला काही कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय. पोरगं कष्टी होईल म्हणतात. मी गप्पच राहिले असते, पण आजचं त्यांचं ते बोलणं मला ऐकवलं नाही.

तू दिलेलं लुगडं सुरेख आहे, तरी यंदाची ओवाळणी मी बदलून मागते. येत्या रविवारी ये. मोटार घेऊनच ये, लपूनछपून नको. भुजंगच्या हॉटेलामागे मोकळं मैदान आहे, तिथं सगळ्यांच्या देखत लाव आणि फरशीवरून पायी घरी ये. येताना अडत्याशी आणि त्या गुत्तेदाराशी तू बोल. तुझं पाहून फरशीवर गाड्या ठेवायला लागले, तुझं पाहून काढतीलही.

आबांना मोटारीत बसवायचं कबूल केलं आहेस ना? मग मोटार दाराशी आणू नकोस. ते आपल्या पायानं तिथवर येतील. त्यांचा हात धरू नकोस. नुसता मागून चाल.

फरशी मोकळी व्हायची वाट पाहणारी,
तुझीच,
केशर अक्का